लॅपटॉपच्या वायफायचा मॅक ॲड्रेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायफायला जोडायचं म्हणून कुणीतरी तुमचा मॅक ॲड्रेस मागतं, तुम्ही शोधून देता, दोन दिवस नेट चालतं आणि तिसऱ्या दिवशी बंद. किंवा घरच्या राउटरच्या यादीत एकच लॅपटॉप चार वेळा दिसतो. हे प्रश्न सारखे येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयेत. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, पण एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे बऱ्याच उत्तरांत ती येणारच आहे: पत्ता बदलता ठेवायचा की कायमचा, हा निर्णय आख्ख्या लॅपटॉपसाठी एकदाच घ्यायचा नसतो, प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा घ्यायचा असतो. बहुतेक लोक एकच बटण चालू किंवा बंद करून मोकळे होतात आणि अर्धे घोळ तिथूनच सुरू होतात.

हा मॅक ॲड्रेस असतो तरी काय?

नेटवर्क कार्डाचा पत्ता. ४८ बिटांचा, म्हणून लिहिताना १२ अक्षरं येतात, ० ते ९ आणि ए ते एफ, दोन-दोनच्या सहा जोड्या करून. कारखान्यातून येताना जो पत्ता असतो त्याच्या पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या, त्या आयट्रिपलई ही संस्था कंपन्यांना वाटते, आणि उरलेल्या तीन कंपनी स्वतः प्रत्येक कार्डाला वेगळ्या देते. एका ब्लॉकमध्ये १,६७,७७,२१६ पत्ते बसतात, मोठ्या कंपन्या असे भरपूर ब्लॉक घेऊन ठेवतात (छोट्या कंपन्यांना याहून लहान ब्लॉकही मिळतात).

आयपी ॲड्रेस आणि हा वेगळा. आयपी नेटवर्क देतं, आणि तुम्ही जागा बदलली की तो बदलतो. मॅक कार्डासोबत फिरतो. राउटर तुम्हाला आयपी देतो तो मॅक बघूनच, आणि हवेतून येणारं पॅकेट (डेटाचा तुकडा) माझं का शेजारच्याचं हे तुमचं कार्ड ठरवतं तेही मॅक बघूनच.

लॅपटॉपला एकच मॅक असतो ना?

नाही, आणि चुकीचा पत्ता दिला जातो तो जास्त करून याच गैरसमजामुळे. वायफाय कार्डाचा एक, ब्लूटूथचा दुसरा, केबलचं पोर्ट असेल तर त्याचा तिसरा, डॉक (लॅपटॉपला जोडून जास्तीची पोर्टं देणारा डबा) किंवा यूएसबीचं लॅन ॲडॅप्टर लावलं तर त्याचा अजून एक. व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) किंवा व्हीपीएन टाकलेलं असेल तर त्यांची नकली कार्डंही यादीत येतात. वायफायसाठी विचारलं असेल तर वायफायवाल्या ओळीतलाच द्यायचा. ब्लूटूथचा पत्ता बऱ्याचदा वायफायच्या पत्त्याला अगदी लागून असतो, शेवटच्या एका अक्षराचाच फरक, त्यामुळे कॉपी करताना नीट बघा.

विंडोजवर तो कुठे सापडतो?

सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग ज्या नेटवर्कला जोडलाय त्याच्या प्रॉपर्टीज, आणि एकदम खाली जा, तिथे फिजिकल ॲड्रेस लिहिलेलं असतं. कमांड प्रॉम्प्ट चालत असेल तर आयपीकॉन्फिग लिहून पुढे स्लॅश ऑल, किंवा गेटमॅक लिहून स्लॅश व्ही, म्हणजे प्रत्येक कार्डाचं नाव आणि समोर पत्ता दिसतो.

पण हा आत्ता वापरात असलेला पत्ता आहे हे लक्षात ठेवा. रँडम (मूळ पत्त्याऐवजी लॅपटॉपने स्वतः तयार केलेला पत्ता वापरायची सोय) चालू असेल तर इथे रँडमच दिसणार. कारखान्यातला मूळ पत्ता हवा असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-नेटॲडॅप्टर चालवून पर्मनंट ॲड्रेस हा कॉलम मागवा, किंवा सरळ त्या नेटवर्कसाठी रँडम बंद करा, पुन्हा जोडा आणि मग बघा.

मॅकबुक आणि लिनक्सवर?

मॅकबुकवर ऑप्शन की दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की माहिती उघडते, त्यात पत्ता असतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये आयपी लिंक लिहा. वापरातला पत्ता मूळ पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर नव्या आवृत्त्यांत तीच कमांड पर्मॲडर म्हणून मूळ पत्ताही शेजारी दाखवते, नाही दाखवला तर ईथटूल कमांडला डॅश कॅपिटल पी देऊन कार्डाचं नाव लिहा.

काल दिलेला पत्ता आज वेगळाच दिसतोय, लॅपटॉप हॅक झालाय का?

नाही हो, घाबरू नका. तुमच्या लॅपटॉपवर रँडम ॲड्रेसची सोय चालू आहे, एवढंच. मूळ पत्ता कार्डात जसाच्या तसा आहे, फक्त हवेत पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या जागी तयार केलेला पत्ता वापरतेय. बंद केलं की मूळ पत्ता परत येतो, काहीही कायमचं बदललेलं नसतं.

बघूनच ओळखायचं असेल तर एकदम सोपी खूण आहे. पत्त्याचं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्याने दिलेला नाही, मशीनवरच तयार झालाय. म्हणजे डी६-१ए-४४-०९-बी७-ई२ असं काही दिसलं तर दुसरं अक्षर ६ आहे, म्हणजे तो मूळचा नाही. यामागे पहिल्या जोडीतला एक बिट आहे, हा पत्ता जगभरात वाटून दिलेला आहे का इथल्या इथे बनवलेला हे तो बिट सांगतो, आणि रँडम पत्ता बनवताना तो बिट १ करावाच लागतो. त्याच्या शेजारचा बिट, म्हणजे पत्ता एका मशीनचा आहे का अनेकांच्या गटाचा हे सांगणारा, ० ठेवावा लागतो. ४८ मधले हे दोन गेले तरी ४६ बिट मोकळे उरतात, म्हणजे साधारण ७० लाख कोटी शक्यता, त्यामुळे एकाच नेटवर्कवर दोन लॅपटॉपांना योगायोगाने सारखाच रँडम पत्ता आला अशी भीती बाळगायचं कारण नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी तर ही खूण पाठच करून ठेवावी, यादीवर नुसती नजर टाकली तरी किती मशीन रँडमवर आहेत ते कळतं.

हे रँडम प्रकरण आलंच कशाला? आधी सगळं नीट चालत होतं की.

चालत होतं, पण कुणाच्या सोयीने हे विचारा. वायफाय चालू असलेलं मशीन कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसतानाही सतत आजूबाजूला विचारत असतं की ओळखीचं नेटवर्क आहे का, आणि त्या प्रत्येक विचारण्यात त्याचा मॅक असायचा. मॅक कायमचा, कुणालाही न विचारता हवेतून ऐकता येणारा. म्हणजे दहा ठिकाणी ऐकणारी यंत्रं लावली की एक मशीन, पर्यायाने एक माणूस, कधी कुठे होता याची आपोआप नोंद. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये अशी यंत्रं बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे पत्ते टिपले जात होते, बातमी बाहेर आल्यावर तिथल्या प्रशासनाने ते थांबवायला लावलं.

त्यानंतर बदल यायला लागले. २०१४ ला आयओएस ८ मध्ये शोधताना रँडम पत्ता आला, २०१५ ला विंडोज १० मध्ये ही सोय आली, २०१९ ला अँड्रॉइड १० ने प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता हेच डीफॉल्ट केलं, २०२० ला आयओएस १४ ने तेच केलं, आणि मॅकबुकवर २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत हा पर्याय आला. लॅपटॉप यात फोनच्या मागून आले, म्हणून फोनवर सवय झालेली माणसंही लॅपटॉपवर हा प्रश्न आला की गोंधळतात.

मला विचाराल तर ही सोय फार गरजेची होती आणि ती सरसकट बंद करून टाकायचा सल्ला मी कुणालाच देत नाही.

विंडोजवर चालू-बंद कसं करायचं?

दोन ठिकाणी बटण आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. सेटिंग्जमध्ये वायफायच्या पानावर रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस असं जे बटण आहे ते सगळ्या नेटवर्कांसाठी. आणि मॅनेज नोन नेटवर्क्समध्ये जाऊन एखादं नेटवर्क उघडलं की तिथे जे आहे ते फक्त त्या नेटवर्कसाठी, त्यात तीन पर्याय असतात: बंद, चालू, आणि रोज बदला. चालू केलं की त्या नेटवर्कसाठी एक रँडम पत्ता ठरतो आणि पुढच्या वेळीही तोच वापरला जातो, म्हणजे नाव रँडम असलं तरी त्या नेटवर्कपुरता तो स्थिरच असतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाचच बंद करून ठेवतात. रोज बदला म्हटलं की दर दिवशी नवा.

बदल केल्यावर नेटवर्क तोडून पुन्हा जोडा. जोडलेलं असताना पत्ता मधेच बदलत नाही, आणि बदलून चालणारही नाही, कारण वायफायचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) सुरू होताना जी किल्ली तयार होते ती बनवताना पासवर्डसोबत लॅपटॉपचा आणि ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय पुरवणाऱ्या डब्याचा) मॅकही वापरला जातो. पत्ता बदलला की किल्ली निरुपयोगी, सगळा सोपस्कार पहिल्यापासून.

माझ्या विंडोजमध्ये हे बटण दिसतच नाही.

तुमच्या वायफाय कार्डाला किंवा ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ती सोय झेपत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून बघा, त्याने बरेचदा येतं. तरी नाही आलं तर कार्ड जुनं आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर पॉलिसी लावून बटण गोठवलेलंही असू शकतं, मग ते आयटीवाल्यांनाच विचारा, आपण होऊन रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालू नका.

मॅकबुकवर?

सिक्वोया किंवा त्यापुढची आवृत्ती पाहिजे. सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय, नेटवर्कसमोर डिटेल्स, तिथे प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस. पर्याय तीन: ऑफ, फिक्स्ड, रोटेटिंग. फिक्स्ड म्हणजे त्या नेटवर्कसाठी एक ठरलेला खासगी पत्ता, रोटेटिंग म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलणारा. नवीन नेटवर्क जोडताना ते पासवर्डवालं आणि चांगल्या सुरक्षेचं असेल तर मॅकबुक स्वतःहून फिक्स्ड घेतं आणि उघडं किंवा कमकुवत सुरक्षेचं असेल तर रोटेटिंग. ही निवड मला एकदम पटते, ज्यांना या सगळ्यात डोकं घालायचं नाही त्यांनी ती आहे तशी सोडावी.

लिनक्सवर?

नेटवर्क मॅनेजर वापरत असाल (बहुतेक जण तेच वापरतात) तर कनेक्शनच्या सेटिंग्जमध्ये क्लोन्ड ॲड्रेस नावाची जागा असते. तिथे स्वतः पत्ता टाइप करता येतो किंवा पर्याय निवडता येतो. पर्मनंट म्हणजे कार्डाचा मूळ पत्ता. रँडम म्हणजे प्रत्येक वेळी जोडताना नवा, अगदी दर वेळी. स्टेबल म्हणजे त्या कनेक्शनसाठी एकदा बनवलेला आणि मग तोच. प्रिझर्व्ह म्हणजे कार्डावर आत्ता जो असेल त्याला हात लावायचा नाही.

स्टेबलमध्ये एक खोच आहे. तो पत्ता कनेक्शनच्या प्रोफाइलवरून बनतो, त्यामुळे तुम्ही नेटवर्क फर्गेट करून पुन्हा जोडलं की प्रोफाइल नवीन, पत्ताही नवीन. एखाद्या ठिकाणी रजिस्टर केलेला पत्ता असाच हरवतो आणि मग माणूस म्हणतो मी तर काहीच बदललं नाही. नंतर आलेला स्टेबल-एसएसआयडी पर्याय नेटवर्कच्या नावावरून पत्ता बनवतो म्हणून तो टिकतो. फेडोरा या लिनक्सने ४० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, हाच डीफॉल्ट केलाय.

मग घरी काय ठेवू?

घरचं नेटवर्क तुमचंच आहे, तिथे तुमचा लॅपटॉप तुमच्यापासून लपवायचं काही कारण नाही. राउटरमध्ये लॅपटॉपसाठी ठरलेला आयपी राखून ठेवला असेल, प्रिंटर किंवा फाइल शेअरिंग त्या आयपीवर बेतलेलं असेल, मुलांच्या लॅपटॉपला रात्री ठरावीक वेळी नेट बंद होईल असं लावलं असेल, तर ही सगळी कामं मॅकवर चालतात. तिथे पत्ता स्थिरच पाहिजे. मूळ पत्ता ठेवा किंवा त्या नेटवर्कपुरता स्थिर राहणारा रँडम ठेवा, दोन्ही चालतं, फक्त रोज बदलणारा नको.

मुलांच्या वेळेचं बंधन अचानक काम करेनासं झालं असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा. राउटरला तो लॅपटॉप नवीनच कुणीतरी वाटतोय, जुन्या पत्त्यावर लावलेला नियम जुन्या पत्त्यापाशीच बसून आहे. मोठ्या मुलांना हे बटण सापडायला वेळ लागत नाही, त्यामुळे राउटरमध्ये अनोळखी मशीनना काय करायचं याचा नियमही लावून ठेवा, नाहीतर हा खेळ चालूच राहतो.

बाहेर कुठे वायफाय वापरताना?

रँडम चालू. रोज बदलणारा असेल तर अजून चांगलं. ज्या नेटवर्कवर पुन्हा जाणार का नाही हेच माहीत नाही तिथे कायमचा पत्ता सोडून यायची गरजच काय.

बाहेरच्या वायफायवर सारखं लॉगिन मागतं, त्याचं काय?

जिथे जोडल्यावर एक पान उघडतं आणि नंबर किंवा कोड विचारतं, तिथे तुम्ही लॉगिन केलंय हे ते नेटवर्क तुमच्या मॅकवरूनच लक्षात ठेवतं. पत्ता बदलला की तुम्ही त्याच्यासाठी नवे पाहुणे. एक-दोन तास बसायचं असेल तर फरक पडत नाही. आठवडाभर तेच नेटवर्क वापरायचं असेल, म्हणजे समजा राहायलाच तिथे आहात, तर त्या एका नेटवर्कसाठी रोज बदला काढून नुसतं चालू ठेवा, मॅकबुकवर फिक्स्ड, लिनक्सवर स्टेबल. लॉगिनही टिकतं आणि तुमचा मूळ पत्ताही बाहेर जात नाही. पैसे भरून पॅक घेतला असेल तर हे आधीच करून घ्या, कारण पॅक पत्त्याला चिकटलेला असतो आणि पत्ता गेला की पॅक गेला.

ऑफिस किंवा कॉलेजने मॅक रजिस्टर करायला सांगितलंय. कुठला देऊ?

आधी त्या नेटवर्कसाठी सेटिंग ठरवा, मग पत्ता बघा, मग द्या. क्रम उलटा केला की घोळ. लोक बाहेर कुठेतरी बसून सेटिंग्जमध्ये दिसला तो पत्ता कळवतात, तो त्या बाहेरच्या नेटवर्कचा रँडम पत्ता असतो, आणि ऑफिसमध्ये आल्यावर वेगळाच निघतो.

सगळ्यात बिनचूक म्हणजे त्या एका नेटवर्कसाठी रँडम बंद करून मूळ पत्ता देणं. तुम्ही तिथे नावानिशी काम करताय किंवा शिकताय, लॅपटॉप कुणाचा ते त्यांना माहीतच आहे, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही. बाकी सगळ्या नेटवर्कांसाठी रँडम चालू राहू द्या. यासाठीच तर नेटवर्कनुसार वेगळं बटण दिलंय.

डिव्हाइस मॅनेजरमधून मी माझा पत्ता टाकला पण तो लागतच नाही.

ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये नेटवर्क ॲड्रेस किंवा लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस असा पर्याय असतो, त्यात १२ अक्षरं सलग लिहायची, मधे रेघ किंवा दोन टिंबं नकोत. आणि विंडोजवर बरेच वायफाय ड्रायव्हर दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तरच पत्ता मान्य करतात, नाहीतर गपचूप दुर्लक्ष करतात, एरर पण देत नाहीत. बहुतेक वेळा हेच कारण निघतं. काही ड्रायव्हरांमध्ये हा पर्याय मुळातच नसतो. रँडमचं बटण चालू ठेवून इथेही पत्ता टाकायचा असं करू नका, दोघांत कोण जिंकेल ते ड्रायव्हरवर आहे, नंतर शोधत बसाल.

मॅक फिल्टर लावला म्हणजे वायफाय सुरक्षित झालं ना?

नाही. (मॅक फिल्टर म्हणजे यादीतल्या पत्त्यांनाच नेटवर्कवर येऊ द्यायचं.) आणि हे मला जरा जोर देऊन सांगायचंय कारण अजूनही कित्येक ठिकाणी हाच मुख्य बंदोबस्त म्हणून लावलेला दिसतो.

वायफायवर तुमचा डेटा एन्क्रिप्ट होतो पण पॅकेटच्या डोक्यावरचा पत्ता उघडाच जातो, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ पद्धतीची असो का डब्ल्यूपीए३. जवळपास बसून ऐकणाऱ्याला कुठले पत्ते आत्ता जोडलेले आहेत याची यादी काही मिनिटांत मिळते, त्यातला एक स्वतःच्या लॅपटॉपवर टाकला की तुमच्या फिल्टरच्या लेखी तो माणूस आतला. म्हणजे ज्याला घुसायचंय त्याला फिल्टर अडवत नाही, आणि ज्याला अडवतो तो तुमचाच प्रामाणिक माणूस असतो ज्याच्या लॅपटॉपने अपडेटनंतर पत्ता बदलला. वर ती यादी रोज कुणीतरी हाताने सांभाळायची ते वेगळंच.

मॅकचं काम पॅकेट बरोबर मशीनपर्यंत नेणं, माणूस ओळखणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. माणूस ओळखायचा असेल तर ८०२.१एक्स लावा, ज्याला वायफायच्या सेटिंग्जमध्ये एंटरप्राइज म्हणतात, त्यात प्रत्येकाचं आपलं लॉगिन किंवा लॅपटॉपमध्ये टाकलेलं सर्टिफिकेट असतं, आणि मग पत्ता रोज बदलला तरी नेटवर्कला कळतं हा कोण. तेवढी यंत्रणा झेपत नसेल तर प्रत्येकाला वेगळा वायफाय पासवर्ड देता येणारे ॲक्सेस पॉइंट मिळतात. घरी तर चांगला लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ एवढं पुरतं, फिल्टर लावायचाच असेल तर लावा पण त्याच्या भरवशावर पासवर्ड सोपा ठेवू नका.

आमच्या नेटवर्कवर माणसं तेवढीच आहेत पण आयपी संपतायत, याचा संबंध आहे का?

शंभर टक्के असू शकतो. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवर आयपी वाटणारी यंत्रणा, आयपी देताना मॅक बघतो आणि ठरावीक मुदतीसाठी तो आयपी त्या पत्त्याच्या नावावर अडकवून ठेवतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत डीफॉल्ट ८ दिवस असते. आता हिशोब करा, ६० लॅपटॉप आणि सगळ्यांचा पत्ता रोज बदलतोय, तर ८ दिवसांत ४८० नोंदी, आणि नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये आयपी असतात २५४. पाचव्या दिवशीच काही जणांना आयपी मिळणार नाही, आणि तक्रार येईल की वायफायला रेंज आहे पण नेट नाही.

उपाय म्हणजे पाहुण्यांच्या नेटवर्कवर मुदत काही तासांवर आणा, पूल (वाटायच्या आयपींचा साठा) मोठा करा, आणि आपल्या माणसांच्या नेटवर्कसाठी सांगा की पत्ता रोज बदलणारा नको, स्थिर ठेवा. लोकांना कारण समजावून सांगितलं की ते करतात, नुसतं रँडम बंद करा असं फर्मान काढलं की अर्धे जण सगळीकडचंच बंद करून टाकतात आणि बाहेर उघडे पडतात, त्याची जबाबदारी मग कुणाची?

माझा मॅक वेबसाइटला दिसतो का?

नाही. तो तुमच्या राउटरपर्यंतच जातो, पुढच्या टप्प्यावर राउटर स्वतःचा पत्ता लावतो. अपवाद एकच होता, आयपीव्ही६ (आयपीची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) मध्ये जुन्या रीतीने मॅकचे दोन तुकडे करून मधे एफएफ-एफई घालून, एक बिट उलटा करून तोच आयपीच्या शेवटी लावायचे, म्हणजे जगभर कुठेही गेलात तरी शेपूट तेच. यावर २००१ मध्येच आरएफसी ३०४१ (इंटरनेट कसं चालावं हे सांगणारा दस्तऐवज) आला, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या, आणि आजच्या लॅपटॉपवर तात्पुरते आयपीव्ही६ पत्ते डीफॉल्ट चालू असतात. तुमच्या आयपीव्ही६ पत्त्याच्या शेवटच्या अर्ध्या भागात मधोमध एफएफ आणि एफई दिसलं तर मात्र जरा लक्ष घाला.

रँडम चालू केलं म्हणजे मला कुणी ओळखूच शकत नाही ना?

असं समजू नका. एक साधी गोष्ट बघा, नेटवर्कला जोडताना लॅपटॉप आयपी मागतो त्या विनंतीत स्वतःचं नावही सांगतो. लॅपटॉपचं नाव तुमच्या नाव-आडनावावरून ठेवलेलं असेल तर पत्ता कितीही वेळा बदला, राउटरच्या यादीत तुमचं नाव ठळक दिसणारच. या गळतीवर २०१६ मध्ये आरएफसी ७८४४ निघाला पण सगळ्या सिस्टिम तो पूर्ण पाळतातच असं नाही. म्हणून लॅपटॉपला साधं काहीतरी नाव द्या, दोन मिनिटांचं काम आहे आणि फायदा मोठा. शिवाय तुम्ही ज्या खात्यांत लॉगिन करता त्यांना मॅक लागतच नाही, ती तुम्हाला लॉगिनवरूनच ओळखतात.

दोन लॅपटॉपांचा पत्ता एकच असला तर काय होतं?

दोघांचंही नेट आळीपाळीने मरतं. स्विचला (केबलने जोडलेली मशीनं एकत्र आणणाऱ्या डब्याला) आणि ॲक्सेस पॉइंटला कळत नाही पॅकेट कुणाकडे द्यायचं. मूळ पत्त्यांमध्ये हे सहसा होत नाही, झालं तर कुणीतरी हाताने पत्ता कॉपी केलेला असतो किंवा व्हर्च्युअल मशीनची कॉपी काढताना नवीन पत्ता बनवायचा पर्याय निवडायचा राहिलेला असतो. व्हर्च्युअल मशीनचे पत्ते ओळखू येतात, व्हर्च्युअलबॉक्सचे ०८-००-२७ ने सुरू होतात, क्यूईएमयूचे ५२-५४-०० ने.

डॉक लावला की पत्ता बदलतो, हे नॉर्मल आहे का?

हो, कारण आता तुम्ही डॉकमधल्या लॅन कार्डातून बोलताय, तो पत्ता डॉकचा. डॉक दुसऱ्याने लावला की तोच पत्ता त्याचा. एकच यूएसबी लॅन ॲडॅप्टर फिरवून दहा लॅपटॉपांवर विंडोज टाकणाऱ्यांना याचा फार त्रास होतो, मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणतं हा लॅपटॉप तर आधीच नोंदलेला आहे. त्यासाठी काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) मॅक पास-थ्रू असतं, ते चालू केलं की डॉकवरही लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता जातो. डॉक आणि लॅपटॉप दोघांनाही ते जमावं लागतं.

दुरुस्तीत वायफाय कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला, आता?

पत्ता बदलला असं धरूनच चाला आणि जिथे जिथे रजिस्टर केलाय तिथे नवा कळवा. लॅपटॉपच्या तळाशी किंवा खोक्यावर पत्ता छापलेला असेल तर तो जुन्या कार्डाचा, त्यावर आता विसंबू नका.

चोरीला गेलेला लॅपटॉप मॅकवरून शोधता येतो का?

जगभरातून शोधता येत नाही, कारण पत्ता राउटरच्या पुढे जातच नाही. तो लॅपटॉप पुन्हा तुमच्याच संस्थेच्या नेटवर्कवर आला तर तेवढं कळू शकतं, तेही रँडम बंद असेल तर. मूळ पत्ता लिहून ठेवा, तक्रारीत ओळख पटवायला उपयोगी पडतो, पण शोधण्यासाठी सिस्टिममधली फाइंड माय डिव्हाइससारखी सोय आधीच चालू करून ठेवणं हाच मार्ग.

पत्ता बदलणं चुकीचं आहे का, नियमात बसतं का?

स्वतःच्या लॅपटॉपवर रँडम चालू करणं ही साधी सेटिंग आहे, सिस्टिम बनवणाऱ्यांनीच दिलेली. दुसऱ्याचा पत्ता उचलून त्याच्या पॅकवर नेट वापरणं किंवा जिथे परवानगी नाही तिथे शिरणं हे मात्र सरळ चुकीचं, आणि ते कशा पद्धतीने केलं याने फरक पडत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसचे नियम चालतात.

सगळं करून बघितलं तरी नेट लागत नाही. मदत मागताना काय काय कळवू?

नेटवर्कचं नाव, लॅपटॉपवर आत्ता दिसणारा वायफायचा पत्ता, मूळ पत्ता, त्या नेटवर्कसाठी रँडमची सेटिंग काय आहे ते, आणि शेवटचं नेट कधी चालत होतं ती वेळ. पत्ता टाइप करून पाठवा, स्क्रीनचा फोटो नको, बी आणि ८, डी आणि ० यांत हमखास गल्लत होते आणि एका अक्षरासाठी तास जातो. मिळालेला आयपीही कळवा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला आयपीच मिळालेला नाही, मग समोरचा सरळ डीएचसीपीच्या यादीत तुमचा पत्ता शोधायला लागेल.